चौथं गाणं

३ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार लिहितेय, कारण पत्राची सुरुवात तशी करायची असं आईनं शिकवलंय. मनापासून आलेला नाही, हे आधीच सांगते. आम्ही इकडे ठीक आहोत. नवरा कामावर, चिमणी शाळेत. छापखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मी लिहायला बसलेय, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तुमच्या बँडची नवी छोटी रेकॉर्ड आली. 'उरलंसुरलं'. पाच गाणी, आजवर कुठे न आलेली, गाजलेल्या गाण्यांची आधीची रूपं वगैरे. अभिनंदन! मला हे कळलं ते आमच्या बाइंडरकाकांकडून. पुठ्ठे चिकटवताना ते मोबाइलवर गाणी लावतात. परवा मी भूगोलाच्या पुस्तकाची प्रूफं तपासत होते आणि पलीकडच्या टेबलावरून माझा आवाज आला. एकविसाव्या वर्षीचा माझा आवाज. एका नदीच्या नावावर माझं पेन तसंच टेकून राहिलं, शाईचा हा मोठा डाग पडला.

काका म्हणाले, "ऐक गं ही पोरगी. काय जीव ओतलाय! कोण असेल?"

मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि कव्हरचं चित्र मोठं करून वाचलं. बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदाच आहे. 'गाणं चौथं, पहिलं रूप. आवाज: अज्ञात.'

अज्ञात? आई कामावर असायची तेव्हा जिच्या वाकड्यातिकड्या वेण्या तू घालून दिल्यास, ती मुलगी अज्ञात? त्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या बांधून आपण तीन उन्हाळे घामाघूम होऊन गायलो, तेव्हा मी कोण होते? माझं नाव तुला आठवलं नसेल, तर आईला विचारायचं होतंस. तिनंच ठेवलंय.

आणि टेपा? कंपनीचे साहेब म्हणाले, "या संगीताला बाईचा आवाज पेलणार नाही," आणि तू मान डोलावलीस. माझ्या जागी गायला तो राजबिंडा आला. त्यावरून आपलं भांडण झालं, ते झालं. पण निघताना मी एकच गोष्ट मागितली होती: माझ्या आवाजाच्या टेपा. तू माझ्याकडे सरळ बघत म्हणालास, "त्यांच्यावर नवीन रेकॉर्डिंग केलं. सगळं पुसलं गेलं." तेरा वर्षं मी ते खरं धरून चालले. आणि आता बघते तर टेपा धडधाकट! मला द्यायला नव्हत्या, विकायला आहेत.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. 'तीच फोनवर येत नाही, कसली घमेंड आहे कुणास ठाऊक.' मावशीनं सांगितलं मला. तुझा फोन आला की मी आईच्या हातात देते, हे खरं. तू आईला मावशीकडे बोलावून भेटतोस, माझ्या दारात येत नाहीस, हेही खरं.

आता लिहूनच टाकते. बँड सुटल्यावर दोन वर्षांनी माझ्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. जेवढा यायचा तेवढा आला. घोगरा, फाटका, वाक्य संपता संपता नुसती हवा. दुकानदार मला तीन तीनदा विचारतात, काय हवंय बाई? तुला कळू नये म्हणून आईला शपथ मीच घातली. तुझी कीव मला नको होती. ती माझी चूक, कबूल करते. पण तेवढीच.

चिमणी नऊ वर्षांची आहे. तिनं मला कधीच गाताना ऐकलेलं नाही. त्या संध्याकाळी काही न सांगता मी तिला ते गाणं लावून दिलं. मधेच शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन पडतं आणि मी गाता गाता हसते, ते तू तसंच ठेवलंयस. चिमणी म्हणाली, "आई, ही तुझ्यासारखी हसते."

"मीच आहे ती."

तिला काही खरं वाटेना. तिनं कव्हर वाचलं. "मग इथे तुझं नाव का नाहीये?"

सांग दादा, काय उत्तर देऊ?

मला माझं नाव हवंय आणि सगळ्या टेपा हव्यात. ही विनंती समजू नकोस.

तुझी,
(हे अजून लिहिता येतं याचंच नवल वाटतंय)
धाकटी बहीण


२१ नोव्हेंबर

दादा,

खोकं पोचलं. सात टेपा आहेत, एकही खराब नाही. पत्रही वाचलं. आईनंही वाचलं. ती आता तुझ्याशी बोलणार नाही म्हणते, आणि तिच्यावर शपथेचं ओझं टाकलं म्हणून माझ्याशीही.

तू लिहितोस, 'तुझ्यापुढे त्याचं गाणं फिकं पडत होतं. तू ऐकलं असतंस तर तुला ते कळलं असतं, म्हणून पुसल्या म्हणालो.' एवढं लिहायला तुला तेरा वर्षं लागली? मी समजत होते, मीच कमी पडले. ऑपरेशननंतर तर मी रोज मनाला बजावायची, गेला तो आवाज काही फारसा चांगला नव्हताच. ही खोटी समजूत तू माझ्या गळ्यात मारलीस. त्याची माफी एका पत्रात मिळत नाही. दुसऱ्यातही मिळेलच असं नाही.

उरलेल्या प्रतींवर नावाची पट्टी चिकटवतो म्हणतोस. पट्टी नको. कव्हर नव्यानं छाप आणि प्रूफ आधी माझ्याकडे पाठव.

चिमणीनं सातही टेपा ऐकल्या. वर्गात सांगून आलीय. बाइंडरकाकांना मीच सांगितलं. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि मग परत बसले.

भेटायला येऊ का, विचारतोस. इतक्यात नको. आधी रविवारी सकाळी फोन कर. मीच उचलेन. तुला आवाज ओळखू येणार नाही. तरी "कोण बोलतंय?" असं मात्र विचारू नकोस.

अजून रागातच असलेली,
तुझी बहीण