तुझ्या ट्यूबच्या पट्ट्या

प्रिय कमल,

आलापल्लीच्या चहाटपरीवर बसून लिहितोय. आपली वर्षा सायकलने गडचिरोलीहून सिरोंच्याला निघाली आहे. मी शेजाऱ्याच्या जीपने पुढे आलो. तिला इथे पोचायला उशीर झालाय, आणि ही धास्ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू नर्सबाई होतीस. गावोगाव फिरताना ओली चप्पल पेडलवरून घसरू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी काढून पावलाभोवती आवळायचीस. संध्याकाळी मी फाटकाशी शाळेतली कविता गुणगुणत उभा, आणि तू उतरताच म्हणायचीस, "कविता राहू द्या मास्तर, पयले पाय चोळा. बोटात निखारे भरले."

त्याच पट्ट्या वर्षा आता बुटांवरून बांधते. काऊन, तर आईची सोबत म्हणून!

गेल्या रविवारी सायकल चालवताना तिच्या पायाच्या बोटांची आग झाली, मग बोटं बधिर पडली. पाय घसरतोय असं वाटून तिने पट्टी आणखी आवळली. पाऊल सुटलंच, आणि खनिजाचा ट्रक अगदी खेटून गेला. डॉक्टर म्हणाले, चवड्यातली नस दबते. बूट रुंद घाला, बंद सैल ठेवा, पेडल चवड्याच्या जरा मागे येऊ द्या, हलक्या गिअरवर चालवा, मधूनमधून उतरून बोटं हलवा. तिने सगळं मानलं, पट्ट्या सोडून. हा हट्ट तूच दिलास ना तिला?

एवढं लिहिलं आणि ती आली. उतरताना उजवं पाऊल नीट टेकलंच नाही, माझ्या खांद्यावर कोसळली.

"बोटं समजतेत का?"

"नाई, बाबा."

"मंग सोड पट्टी."

"आईची हाये थे."

"तुही आई घरी आली का पयले पट्टीच सोडे. तू तिचं बांधनं पाह्यलं, सोडनं नाई पाह्यलं."

मग तिनेच पाय पुढे केला. पट्टीखाली लाल वळ उमटला होता. मी चोळत राहिलो, तोंडात नकळत तीच कविता.

"बाबा, मुंग्या येऊन राह्यल्या," ती म्हणाली. कमल, मी डोळे पुसले, ते तिला दिसलं नसावं.

बोटं पुरती जागी झाल्यावरच तिला निघू दिलं. पट्ट्या आता हँडलला बांधल्या आहेत, सैल.

मी जीपने मागोमाग निघतोय. वाटेत प्रत्येक थांब्यावर तिला बोटांचं विचारीन. पुन्हा बधिर झाली, तर रडली तरी सायकल जीपमध्ये टाकीन. हा शब्द तुला.

तुझाच,
पाय चोळणारा मास्तर