येऊन राहिला तो

महाल, नागपूर
१३ डिसेंबर २०२५

ती. कुसुमकाकूंना,
मेघाचा नमस्कार.

धान घरी आलं असेल, कंबर धरली असेल आणि तुम्ही गोळी घेतली नसेल, हे मी पारशिवनीला न येताही सांगू शकते. तुमचं लोणचं ऑफिसात लपवून ठेवलंय.

फोन सोडून पत्र काय लिहिते, म्हणाल. तुमच्या लेकाचा फोन आता तुमच्याजवळ असतो. नंबर लावला की माझ्या स्क्रीनवर 'विक्रम' येतं, आणि मी कट करते.

आमचं वेबसाइटचं काम चाललंय. बुटीबोरीच्या एका कारखान्याची झाली, साडीच्या दुकानाची अर्धी पडलीय. व्यापाऱ्यांकडून पैसे घ्यायचे आणि संस्थांचं फुकट करायचं, हा विक्रमचा कायदा. मी त्यावरून भांडायचे. आता एकटी तोच चालवते.

रक्तदान मंडळाची वेबसाइट त्यानंच केली होती. गरजवंतानं यादी पाहावी आणि दात्याला सरळ फोन करावा. ओ निगेटिव्हमध्ये पहिलं नाव स्वतःचंच घातलं त्यानं. तो गेल्यावर मी ते काढायला निघाले, तर तुम्ही म्हणालात, "कोणी तं विचारून राहिलं ना वं त्याले! काहून काढतं?" मी ते तसंच ठेवलं.

काकू, बुधवारी एका माणसाचा फोन आला होता ना? बायको बाळंतपणात अडली होती. तुम्ही म्हणालात, "येऊन राहिला तो, थांबा." तो बिचारा थांबला. दुसरीकडे फोनच लावले नाहीत. दवाखान्याच्या फाटकाशी येईल त्या गाडीवाल्याला "विक्रमभाऊ का?" विचारत राहिला. शेवटी मंडळाच्या मधुकररावांनी दुसरा दाता पाठवला. बाई थोडक्यात वाचली.

तुम्हाला खोटारडं कोण म्हणेल? मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू? गिऱ्हाईक विचारतं, "साहेब कुठं आहेत?" मी म्हणते, "बाहेर गेलेत." परवा एकजण म्हणाला, "आले की फोन करायला सांगा." मी "हो" म्हटलं.

पण आपल्या दोघींपायी कुणी फाटकाशी ताटकळायला नको. विक्रमला ते अजिबात खपलं नसतं.

बुधवारनंतर फोन वाजला नसेल. रेंज नाही म्हणून तुम्ही तो घेऊन अंगणात फिरत असाल. रेंज आहे, काकू. गुरुवारी मी यादीतून त्याचं नाव काढलं. तुम्हाला विचारलं असतं तर हात चालला नसता.

रागवा. हवं ते बोला. पण पुढच्या रविवारी त्या नंबरवर मी फोन करीन. नाव दिसलं तरी कट करणार नाही. तुम्ही उचला. मी विचारीन, "विक्रम आहे का?" तुम्ही "नाही" एवढंच म्हणा. मला ते अजून कुणापाशी म्हणता आलेलं नाही. तुमच्या तोंडून ऐकलं की मग दोघी मिळून रडू.

तुमची, आणि त्याचीही,
मेघा