बारीक हो, पैलवान नको

१८ ऑगस्ट, रविवार
चर्च सुटल्यावर बाहेर चहा चालला होता. सुलभामावशीने सगळ्यांसमोर माझा दंड चिमटीत धरला. "कृपा, अगं आईपेक्षा मोठी दिसायला लागलीस की!" सगळे हसले. आईपण. पप्पा हसले नाहीत, पण आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरवर परत येताना बसमध्ये म्हणाले, "उद्यापासून पहाटे पळायचं." नववीतल्या मुलीला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.
धाकटा भाऊ, सॅमी, शेजारी मोबाईलवर गाड्या उडवत होता. काल अख्खा दिवस पलंगावरून उतरला नाही. पण तो काडी आहे. काडीला कोणी पळ म्हणत नाही.
दंड तीनदा धुतला. छी.

१९ ऑगस्ट
पळाले. पप्पा मागून चालत होते, फोनवर ऑफिसची कुठलीतरी फाईल, मधेच मला "पाय उचल, पाय!" पार्कातल्या बाकावर दोन मुलं बसली होती. "हट जाओ भाई, बुलडोझर आ रहा है." पप्पांनी ऐकलं. मला माहितीय ऐकलं, कारण फोनवरचा आवाज एकदम मोठा केला.
जिन्यात म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. म्हणूनच तर सांगतोय ना, वजन उतरव."
म्हणजे चूक माझी. अच्छा.

३० ऑगस्ट
PT चा तास म्हणजे मॅथ्सचा तास, हे सहावीपासून ठरलेलंच. आज मॅथ्सचे सर आले तर नव्या PT मॅम, दहिया मॅम, दारातच उभ्या. "सर, ये पीरियड मेरा है." सर हसून म्हणाले, "मैडम, खेलकूद से कोई नंबर आते हैं क्या?" त्या हलल्याच नाहीत. सर गेले. वर्गात कोणीतरी शिट्टी मारली.
ग्राउंडवर नेहमीचंच. मुलांनी बॉल घेतला, बॉलबरोबर सगळं ग्राउंड घेतलं. मुली झाडाखाली वेण्या घालत. मॅमनी आम्हाला हाकलत मधे आणलं आणि पिशवीतून लोखंडी गोळा काढला. "कौन डालेगी?" सगळ्या खिदळत, "कृपा को दो, कृपा को!"
इतका राग आला. रागातच टाकला.
मॅम हसल्या नाहीत. गोळा पडला तिथे चालत गेल्या, मातीतला खड्डा बघितला, गोळा उचलून परत आणला. "फिर से."

१२ सप्टेंबर
रोज शाळा सुटल्यावर थांबते. घरी सांगितलंय, एक्स्ट्रा क्लास.
गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. मानेला टेकवायचा, कोपर वर, आणि जोर हाताचा नाही, पायाचा. मॅम म्हणतात, ऐसी टाँगें मेहनत से नहीं मिलतीं. याच मांड्यांवरून आई दुकानात ट्रायल रूमच्या बाहेर उभी राहून सुस्कारे टाकते.
सकाळचं पळणं चालूच. ते मी झोपेत करते.

२७ सप्टेंबर
कळलं घरी. सॅमीने सांगितलं. त्याने मला ग्राउंडवर बघितलं म्हणे. कुत्रा.
मला वाटलं होतं, खोटं बोलले म्हणून ओरडा पडेल. ते राहिलं बाजूलाच.
आई : "गोळाफेक? अगं, खांदे रेड्यासारखे होतील."
(गोळाफेक हा शब्द मला माहीतच नव्हता. मी शॉटपुट म्हणत होते.)
पप्पा : "खेळायचंय ना? बॅडमिंटन खेळ. स्विमिंग लाव. मी तुला बारीक हो म्हटलं होतं, पैलवान हो नव्हे."
"पण पप्पा, तुम्हीच म्हणता ना घरात बसून राहते."
"उलट बोलू नकोस."
मग मी काय, कसं, किती जोरात हलायचं ते तुम्हीच एकदा...
जाऊ दे. मला दोघांचंही तोंड बघायचं नाहीये.

५ ऑक्टोबर
ग्राउंड सोडलं नाही. बंद कर म्हणाले, मी हो म्हटलं नव्हतं.
आईने माझ्या पोळ्या एकवर आणल्या. मॅम म्हणतात, अंडी खा, डाळ खा, पोटभर खा. सॅमीच्या डब्यात रोज दोन अंडी असतात, "वाढीचं वय" म्हणून. त्याला आवडत नाहीत. सौदा झाला : त्याची अंडी मला, त्याचं हिंदीचं होमवर्क माझ्याकडे. माफ केलेलं नाही. फक्त सौदा.

९ नोव्हेंबर
धूर. खिडकीतून समोरचे क्वार्टर्स दिसत नाहीत, डोळे चुरचुरतात. शाळेत बाहेरचं सगळं बंद. PT च्या तासाला मॅथ्सचे सर हसत हसत आले.
मॅमनी जिन्याखाली गाठून सांगितलं, घरी उठाबशा काढ, जिना चढ. काढत होते तर खालच्या वर्मा आंटी वर आल्या. "बेटा, हमारा पंखा हिल रहा है." आईने माझ्या वतीने माफी मागितली. माझ्या वतीने! मी मागितलीच नव्हती.
रात्री पप्पा बातम्या बघत : "बघ, मुलांना खेळायला मोकळी हवा उरली नाही." आवाजात दुःखबिख. वा.

३ डिसेंबर
शाळांच्या स्पर्धेत मॅमनी नाव दिलंय. पालकांची सही हवी. पप्पा म्हणाले, "परीक्षा तोंडावर आहे." मी मॅमना तेच सांगितलं. मॅम म्हणाल्या, "घर का पता दे."

४ डिसेंबर
आल्या खरंच. स्कूटीवर, ट्रॅकसूटमध्ये. आईने चांगले कप काढले. पप्पांची ऑफिसवाली हिंदी सुरू झाली : "मैडम, हम स्पोर्ट्स के खिलाफ बिल्कुल नहीं हैं. लेकिन लड़की है, समाज भी देखना पड़ता है, शरीर वैसा हो जाए तो..."
मॅमनी कप खाली ठेवला. "सर, एक बात बताइए. आप चाहते हैं ये दौड़े, पसीना बहाए, पर इसका शरीर किसी को नज़र न आए. यही ना?"
पप्पांनी बिस्किटांची बशी मॅमपुढे सरकवली. मी पहिल्यांदा त्यांना शब्द शोधताना बघितलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. पण त्यांच्याकडे बघवेना, म्हणून पाणी आणायला उठले.
मॅम गेल्यावर आईचा एकच प्रश्न : "त्यांचं लग्न झालंय का?"

६ डिसेंबर
सही केली. "एकदाच," म्हणाले, आणि पेन टेबलावर आपटलं.

१४ डिसेंबर
चौथी आले. पुढे तिघीच जातात.
पहिल्या आलेल्या मुलीचे खांदे माझ्यापेक्षा रुंद. तिची आई कुंपणापाशी उभी राहून तिच्या नावाने बोंबलत होती, पूर्ण वेळ. माझ्याकडून फक्त मॅम. आई-पप्पा सुलभामावशीकडे जेवायला गेले होते.
मॅम म्हणाल्या, रोना है तो बस में रो लेना. बसमध्ये रडले.
घरी आई म्हणाली, "झालं ना समाधान? आता अभ्यासाला लाग."
"सोमवारी ग्राउंडवर जाणार आहे," मी म्हटलं. ओरडून नाही. साधंच. आईने पप्पांकडे बघितलं. पप्पा पेपर वाचत राहिले.

१५ डिसेंबर, रविवार
चर्चला गेले नाही. तिघंच गेले. दुपारी जेवताना वरणाची वाटी पुढे सरकवत, माझ्याकडे न बघता पप्पा म्हणाले,
"ती पहिली आलेली मुलगी. किती लांब टाकते?"
सांगितलं नाही. म्हटलं, "येऊन बघा."
पप्पांनी पोळीचा तुकडा मोडला. सॅमीने भात मागितला.