टोरीच्या तेलाचे ब्रेक

वीरेंद्र,

आईला घेऊन मी बसने गोंदियाला चालली. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तुझ्या गाडीसाठी थांबणार नव्हती.

तू उठायच्या आधी मी गाडी अंगणात जराशी पुढे घेऊन पाहिली. ब्रेक दाबला तर पेडल तळाला गेलं, आणि गाडी भाताच्या तणसीच्या ढिगात शिरली तेव्हाच थांबली. चाकातून ब्रेक ऑईल ठिपकत होतं आणि त्याला मोहाच्या टोरीचा, बियांच्या तेलाचा वास येत होता. तीन दिवस पुढच्या चाकांच्या ब्रेकचे कॅलिपर खोलून बसला होतास. मी विचारलं तर, "तुले काय समजते, ताई?" एवढं समजते की पिस्टनच्या रबरी सीलला दिव्यातलं तेल चोपडत नाहीत. रबर भिजल्या चण्यासारखं फुगलं आहे.

दोन्ही चाकांचे सील फेक, नळीतलं ऑईलही काढ. नव्या सीलला ब्रेक ऑईलशिवाय काही लावू नको, हळदकुंकू तर मुळीच नाही. बोनेटवरचा तुझा पूजेचा हार बकरीला दिला.

आईला मी एवढंच सांगितलं की गाडी तयार नाही. ब्रेक लागत नाही असं सांगितलं असतं तरी, "वीरू चालवते ना," म्हणत ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली असती.

रुची ताई