तुझ्या नावावरचा अंगठा

प्रिय काडी,

कागदावरचं पत्र बघून तुला वाटेल, ठमीला झालंय तरी काय! रोज तीनदा चॅटवर तुझं डोकं खाणारी मी, आणि आज चक्क लिफाफा, तिकीट, पत्ता असे सगळे सोपस्कार. पण चॅटवर मी काही लिहिलं की तू दोन मिनिटांत त्यावर अंगठा नाहीतर बदाम डकवतेस आणि विषय संपतो. आजचा विषय मला तसा संपवायचा नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

आधी बातम्या. मॅनेजरबाईंनी वजन कमी करायचं मनावर घेतलंय. त्यामुळे हल्ली सगळ्या मीटिंगा उभ्याने होतात आणि त्या सोडून बाकी सगळे बारीक होतायत. लिफ्टशेजारच्या आपल्या छोट्या खोलीत आता एक झेरॉक्स मशीन आणून ठेवलंय. आईचा गुडघा बदलला. नव्या गुडघ्याचं कौतुक शेजारीपाजारी सांगून झालं, आता पोस्टमनची पाळी आहे. तुझी चौकशी नेहमी करते. ती बारकी कुठे असते गं, एवढी चांगली नोकरी सोडून मावशीच्या शिवणाच्या दुकानात का बसली, असं विचारते. मी दरवेळी तिच्या व्यायामाचा विषय काढते.

तू का बसलीस ते आईला ठाऊक नाही, मला आहे. तुला वाटतं की तुझ्या हातून एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. गेलं वर्षभर तू ते उशाशी घेऊन झोपतेस. त्याबद्दलच लिहायचंय. तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण क्रम चुकला की मी पळवाट शोधेन. मला तू ओळखतेसच.

ते जोडकामाचे तीन आठवडे आठवतात? डायलिसिसच्या रुग्णांना घरून केंद्रावर नेणाऱ्या गाड्यांचा आपला प्रोग्रॅम. केंद्राने वेळ टाकायची, प्रोग्रॅमने ड्रायव्हरला निरोप धाडायचा, एवढं साधं काम. त्या प्रोग्रॅमवर नजर ठेवायला दुसरा प्रोग्रॅम होता, त्याला आपण पहारेकरी म्हणायचो. पहारेकरी बिचारा इमानदार होता, पण दिवसाला चाळीस-चाळीस मेल पाठवायचा. डिस्क भरत आली, सर्व्हर हळू झाला, पुन्हा नीट झाला. लांडगा आला रे आला, रोजचंच. ते मेल कोणी उघडत नव्हतं. मग तूच मॅनेजरबाईंच्या मागे लागलीस की हे असं चालायचं नाही. पहारेकऱ्याची हाक टीमच्या चॅटमध्ये आली पाहिजे आणि ज्याची ड्युटी त्याच्या फोनपर्यंतही गेली पाहिजे. त्यांनी नेहमीप्रमाणे ज्याने सुचवलं त्याच्याच गळ्यात काम टाकलं, आणि तू मला सोबत ओढलंस.

काय मजा केली गं आपण! तू फळ्यावर बाण काढायचीस आणि मी ते पुसून सरळ करायचे. नियम तुझेच होते. हाक चॅटमध्ये पडेल. दोन मिनिटं वाट बघायची. तेवढ्यात कोणी तिच्यावर बरोबरची खूण केली तर त्याचा अर्थ ‘मी बघतोय’. मग फोन वाजणार नाही. कोणीच खूण केली नाही तर ड्युटीवाल्याचा फोन वाजेल, पाच मिनिटांनी दुसऱ्याचा, मग मॅनेजरबाईंचा. तू सगळ्यांना उभं करून दम दिला होतास की खूण म्हणजे शब्द आहे, मशीनसमोर बसला असाल तरच द्यायचा. पोरं तुझ्या पाठीमागे तुला हेडबाई म्हणायची. आणि चॅट आणि फोन वाजवणारा टूल एकमेकांना जोडायला एक किल्ली, म्हणजे कोणातरी एकाच्या नावाचा लांबलचक पासवर्ड, लागत होती. माझ्या नावाची मंजूर होऊन येत नव्हती, म्हणून तू तुझी दिलीस. घे गं, किल्लीच तर आहे, म्हणालीस. मी वहीत लिहिलं, ‘किल्ली नंतर बदलणे’. माझं ‘नंतर’ तुला माहीतच आहे. माझ्या घरातला पंखा अजून ‘नंतर’च दुरुस्त व्हायचाय.

त्या दुपारी ड्युटी तुझी होती. तू कॅन्टीनमध्ये जेवत होतीस, फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून समोर उभा केलेला. चॅटची टिंगटिंग जेवताना बंद ठेवायचीस, खरं काही असलं तर फोन वाजणारच होता. दोन वाजून बारा मिनिटांनी ड्रायव्हरांचे निरोप अडकले, मिनिटभरात पहारेकऱ्याने चॅटमध्ये हाक दिली. पाच वाजता केंद्रातूनच फोन आला की रुग्ण कुठे आहेत. एकतीस माणसं घरी तयार होऊन बसली होती. बहुतेकांना संध्याकाळी उशिरा का होईना नेता आलं. ते गवंडीकाम करणारे आजोबा मात्र मांडीवर पिशवी घेऊन दारात बसून राहिले. कोणाला कशाला त्रास, येईलच गाडी, म्हणून त्यांनी लेकीलाही फोन केला नाही. ती कामावरून आली तेव्हा त्यांना धाप लागली होती. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते.

मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर टूलची नोंद उघडली. दोन चौदा, हाक पाहिली, आणि पुढे तुझं नाव. तू ती ओळ पुन्हा एकदा वाचलीस. मग म्हणालीस की मला आठवत नाही, पण लिहिलंय म्हणजे मीच दाबलं असणार, फोन पुसताना बोट लागलं असेल. तुला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर तू भांडली असतीस आणि बरं झालं असतं. पण सगळे इतके समजूतदारपणे वागले की तुला भांडायला जागाच उरली नाही. नऊच्या नऊ दिवस तू त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसलीस. आजोबा घरी गेले आणि महिन्याभरात तू राजीनामा दिलास. निरोपाच्या दिवशी मी इतकी रडले की तूच मला पाणी आणून दिलंस.

इथवर सगळं तुला ठाऊक असलेलं. पुढचं ठाऊक नाही.

तू गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक गंमत झाली. म्हणजे पोरांना ती गंमत वाटली. तुझं खातं बंद करता येत नव्हतं, कारण सगळं जोडकाम तुझ्याच किल्लीवर चालत होतं. एक दिवस डिस्क भरल्याची फुटकळ हाक आली आणि टूलमध्ये नोंद पडली, ‘पाहिली’, पुढे तुझं नाव. ऑफिसात हशा पिकला. काडी गेली पण ड्युटी सोडत नाही, काडीचं भूत आलं, असं दिवसभर चाललं होतं. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. मग चहाचा कप विसळायला गेले आणि नळाखाली कप तसाच धरून उभी राहिले. पाणी मनगटावरून बाहीत शिरलं तेव्हा भानावर आले.

छोट्या खोलीत जाऊन दार लावलं. पहारेकऱ्याकडून एक खोटी हाक पाठवली आणि माझ्या फोनवरून तिच्यावर अंगठा टाकला. बरोबरची खूण नाही, नुसता अंगठा, आपण उठसूट सगळ्यावर टाकतो तसा. टूलने लगेच लिहिलं, ‘पाहिली’, आणि पुढे तुझं नाव. तो टूल मुळातच अंगठ्यालाही होकार धरतो. ते त्याच्या माहितीच्या पानावर लिहिलेलंच होतं, मी ते पान शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. आणि चॅटमध्ये अंगठा कोणीही टाको, तो पुढे जायचा तुझ्या किल्लीने, म्हणून नोंद तुझ्याच नावावर. चॅटमध्ये कोणी काय टाकलंय ते बघायचं आपल्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. टूलवर तुझं नाव होतं आणि तू मान खाली घातली होतीस, मग आणखी कोण कशाला शोधतंय?

मी शोधलं. त्या दुपारपर्यंत मागे मागे गेले. दोन चौदाला त्या हाकेवर एकच अंगठा होता, माझा.

मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात होते. डोळ्यांत औषध घातलं होतं, अक्षरं नुसती पसरत होती. फोन थरथरला, टीमचं काहीतरी आलंय एवढं दिसलं. आलं गं बाई, कळलं, या अर्थाने मी अंगठा ठेवला आणि फोन पर्समध्ये टाकला. वाचलंसुद्धा नाही. त्यामुळे दोन मिनिटांनी तुझा फोन वाजायचा तो वाजलाच नाही. पुढेही कोणाचाच वाजला नाही. तू ग्लासाला टेकवून त्याच्याकडे बघत जेवत होतीस, आणि तो गप्प होता.

आता त्या संध्याकाळी मी काय केलं ते लिहिते. मी किल्ली बदलली. अंगठ्याचा होकार बंद केला. तुझं खातं मिटवलं. पोरांना सांगितलं की खात्यात गोंधळ होता, आता नीट आहे. आणि घरी जाऊन जेवले. मनाला समजावलं की काडीने नोकरी सोडलीच आहे, आजोबा बरे आहेत, आता उकरून कोणाचं भलं होणार? एकदा गप्प बसले आणि मग रोज गप्प बसणं सोपं होत गेलं. सोपं म्हणजे तसं नाहीच. चोराच्या मनात चांदणं. तुझा लांबलचक मेसेज आला की मी आधी शेवटची ओळ वाचायचे, हिला कळलं वाटतं! कळलेलं नसायचं, मावशीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी असायच्या. मग मी सुटल्यासारखी दुप्पट विनोद करायचे. गेले अकरा महिने तुला जे विनोद पाठवले, त्यातले निम्मे त्या सुटकेचे होते. मला माझी लाज वाटते, काडी. हे लिहूनही ती कमी होत नाही.

गेल्या महिन्यात तू लिहिलंस की तुमच्या इथल्या रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षातल्या मोठ्या बाई दुकानात गणवेश शिवायला आल्या होत्या. बोलता बोलता तुझं जुनं काम कळलं, आणि त्या म्हणाल्या की आमच्याकडे ये, आमच्याकडे फोन येतात आणि हरवतात, हे सगळं बांधून द्यायला कोणीतरी हवंय. तू नाही म्हणालीस. वर मला लिहिलंस, जी बाई फोन दाबून विसरून गेली तिच्या हातात लोकांचे जीव कशाला द्यायचे? मी त्यावर काय उत्तर दिलं ते बघ जाऊन. बदाम टाकला होता मी.

त्यानंतर मात्र मला अन्न गोड लागेना. सोमवारी मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं, चॅट दाखवलं, नोंद दाखवली. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी जुनी नोंद पहिल्या ओळीपासून वाचून काढली. मग म्हणाल्या की माझंही चुकलं, मी एक ओळ वाचली आणि थांबले. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील, त्याचं मला आता फारसं वाटत नाही. बुधवारी आजोबांकडे गेले. वाळलेत, पण खणखणीत बोलतात. हात जोडून त्यांना सांगितलं की ती माझी चूक होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती बारीक पोरगी बाहेर बाकावर बसायची, तिला सांगितलंस का? मी म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, मग माझ्याकडे काय आलीस, तिच्याकडे जा. खरंच होतं त्यांचं. मॅनेजरबाई झाल्या, आजोबा झाले, आणि जिचं नाव वर्षभर खराब केलं तिच्यापुढे उभं राहायची माझी छाती होत नव्हती. अजूनही होत नाही, म्हणून हे पत्र.

सोबत नव्याने लिहिलेला अहवाल आहे, मॅनेजरबाईंच्या सहीचा. त्यात तुझं नाव एकाच ठिकाणी आहे, ‘ड्युटीवर हजर, हाक पोहोचली नाही’ या ओळीत. तो त्या नियंत्रण कक्षाच्या बाईंना दाखव. त्यांची जागा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत मोकळी आहे, पत्र त्याआधी पोचेलच; मी त्यांच्या ऑफिसात फोन करून विचारलं, तुझं नाव न सांगता. मला माफ कर असं मी इथे लिहिणार नाही, ते मागायचा माझा हक्क नाही. तू त्या दुपारी काहीही दाबलं नव्हतंस, काडी, तू काहीही विसरली नव्हतीस, तुझ्यापर्यंत कोणी आलंच नव्हतं, एवढंच तुला कळावं म्हणून लिहिलं. आता पत्र खाली ठेव आणि आधी त्या बाईंना फोन कर, सांग की मी येते. माझ्याशी नंतर भांड, जन्मभर भांड, पण आधी तो फोन कर.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ठमी