बाटलीवरचं नाव

सेक्टर २२, चंदीगड
११ फेब्रुवारी १९७७

प्रिय रामकृष्ण,

"आमच्या दुकानात बाटलीवर जे नाव असतं तेच बाटलीत असतं, शशी." हे तू मला शिरोड्याला, शाळेमागच्या सुरूच्या बनात ऐकवलं होतंस. वीस वर्षं कधीच उलटून गेली. तू विसरला असशील, कारण तुला त्यात विशेष काही बोललो असं वाटलंच नसणार. मी विसरले नाही. शशी म्हणणारंही त्यानंतर कुणी राहिलं नाही. घरी मी शशिकला आणि इथे सगळ्यांची भाभीजी.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तुझ्या होडीत कारखान्याची मंडळी चढणार आहेत. दोन गोरे पाहुणे, एक सरदारजी साहेब, त्यांच्या ऑफिसातले दोघे आणि एक उंच, शांत, पुढचं टक्कल पडलेला मराठी माणूस. तो शेवटचा माझा नवरा, सदाशिवराव. त्यांच्या पोटात दारूचा एक घोटही जाता कामा नये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला कोडं पडणार नाही.

हा बेत त्या सरदारजींचा, म्हणजे ह्यांच्या बेदीसाहेबांचा. यंत्रं बसवायला हंगेरीहून आलेले इंजिनियर आता परत जाणार, तर त्यांचा निरोप समुद्रावर करायचा असं साहेबांच्या मनात आलं. गोव्यात केरीचा कुणी माणूस एकाच मंडळीसाठी खास होडी काढतो, असं त्यांना दिल्लीतल्या मित्राने सांगितलं. सकाळी तेरेखोलच्या मुखापासून निघायचं, काठाकाठाने जायचं, खडकाशी थांबून कालवं भाजून खायची, मग खेकडे, मग सुरमई. प्रत्येक पदार्थाबरोबर घरी केलेली वेगळी वाईन चाखायची आणि दुपार कलायच्या आत परत. सगळे गाणार, खाणार आणि आमचे हे दुभाषी म्हणून बरोबर, कारण कोकणी समजणारं कारखान्यात दुसरं कोण आहे? जेवता जेवता ते मला म्हणाले, "तुझ्याच बाजूचा निघाला की ग तो. रामकृष्ण केरकर. ओळखतेस का?" मी म्हटलं, "नाव ऐकल्यासारखं वाटतंय," आणि तव्यावरची भाकरी उलटली. बघ, मला खोटं किती सहज जमतं. लपवावं असं आपल्यात काही नव्हतं, म्हणूनच तर तुझं नाव या घरात कधी निघालं नव्हतं.

शाळेतली सुनेत्रा अजून शिरोड्याला आहे, ती मला अधूनमधून लिहिते. तू प्रत्येकाच्या ग्लासात स्वतः ओततोस आणि ओतताना मोठ्याने सांगतोस, ही जांभळाची, ही द्राक्षाची, ही गेल्या वर्षीची. एकदा म्हणे मुंबईच्या कुणा शेटजींना तू सांगितलंस, "ही बिघडली आहे, पण बिघडलेली कशी लागते ते कळायला हवं असेल तर घ्या." शेटजींनी घेतली आणि वर आणखी मागितली. मी वाचून खूप हसले. मग ह्यांचा ग्लास तुझ्यासमोर आला तर, हे मनात आलं आणि ते पत्र बाजूला ठेवलं.

आम्ही इथे नव्याने आलो तेव्हाची गोष्ट. शेजारचे बलबीरजी एका रविवारी दारात उभे राहून म्हणाले, "भाभीजी, चलो, दरिया ते चलिए, ताज़ी मच्छी खवावांगे." दर्या! रामकृष्ण, मी शिक्षकाची मुलगी, मला भूगोल येत नाही असं नाही. पंजाबात समुद्र कुठून येणार? पण तो शब्द कानावर पडला आणि मी वेड्यासारखी चपला शोधायला लागले. आमची लेक नयना तेव्हा तिसरी-चौथीत होती, तिला सांगितलं, फ्रॉक जुना घाल, खाऱ्या पाण्याने खराब होतो. स्कूटर ह्यांच्या हातात, पुढे ती उभी, मागे मी, असे आम्ही रोपडला पोचलो. समोर सतलज. मोठी, थंड, गोड पाण्याची नदी. इकडे दरिया म्हणजे नदी, हे मला तिथे कळलं. बलबीरजींची बायको हसता हसता खाली बसली. मीही हसले. बेसन लावून, ओवा घालून तळलेले मासे होते, चांगले होते. आणि स्टीलच्या पेल्यांतून व्हिस्की होती.

तेव्हा हे प्यायचे. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. गप्प होत जायचे, इतके गप्प की घरात आपण एकट्याच आहोत असं वाटायचं. त्या दिवशी परतताना कालव्याच्या कडेने रस्ता सरळ होता, समोर काहीच नव्हतं, आणि तरी स्कूटर उतारावरून खाली गेली. मला खरचटलं. नयनाचा हात दोन ठिकाणी मोडला आणि भुवईच्या वर खोल जखम झाली, तिथे अजूनही केस उगवत नाहीत. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तिने वडिलांकडे बघून विचारलं, "पापा, आप सो गए थे क्या?" रागाने नाही रे. खरोखर जाणून घ्यायचं होतं तिला. त्यांनी शपथ घेतली नाही. पण त्या दिवसापासून प्यायले नाहीत.

दारू सुटली, असं घरचे म्हणतात. मी म्हणत नाही. मागच्या नाताळात त्या हंगेरियन पाहुण्यांनी कारखान्यात केक वाटला, त्यात रम होती. ह्यांनी एक घास खाल्ला आणि लक्षात आल्यावर तसेच बस पकडून घरी आले. दुपारभर मोरीत उभे राहून दात घासत होते, हिरड्यांतून रक्त आलं तरी. मी ब्रश काढून घेतला तेव्हा म्हणाले, "जिभेला सगळं आठवतं ग." त्यानंतर आठवडाभर ते बाजारातल्या त्या एका दुकानासमोरून जायचं टाळण्यासाठी भाजीला लांबून वळसा घालून जात. मी पिशवी हातात दिली, एवढंच.

मग जाऊच नका, असं मी म्हणाले नसेन का? म्हणाले. तर म्हणतात, "चाखणार कोण? मी समुद्र बघेन. दहा-अकरा वर्षं झाली खारा वारा लागून." खरं आहे ते. त्यांचं गाव आचरा, समुद्रकाठचं. जायच्या बोलण्याने त्यांचा चेहरा असा उजळला आहे की माझ्याने दुसऱ्यांदा नाही म्हणवत नाही. साहेबांना खरं सांगा, असंही सुचवून बघितलं. आजवर त्यांनी अल्सरचं कारण पुढे केलं आहे. त्यावर ते म्हणाले, "आज बेदी मला यार म्हणतो. उद्या बिचारा म्हणेल." 

बेदीसाहेब माणूस वाईट नाही. गेल्या आठवड्यात जेवायला आले होते. माहेरून आलेले सुके बांगडे मी भाजले, तर ताटात बघून म्हणतात, "भाभीजी, आप बांगडा खाते हो, हम भांगडा नाचते हैं. बस, ज़रा सा फर्क है!" नयना हसून हसून लाल झाली. मग त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "और सदाशिवजी, गोवा में ये अल्सर-वल्सर नहीं चलेगा. मेहमान बुरा मान जाएंगे. वाईन को शराब थोडी कहते हैं, यार. अंगूर का शरबत है!" हे हसले. मी ह्यांचे हात बघत होते. बोटांनी ताटाची कड घट्ट धरली होती.

नयना आता कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मला म्हणते, "मम्मी, पापा पक्के हैं. आप टेन्शन मत लो." भुवईवरचा तो व्रण मला दिसतो, तिला दिसत नाही. तिच्या वडिलांना रोज दिसतो.

आणि परवा सकाळी मी दूध घेऊन आले तेव्हा हे स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठमोरे उभे होते. हातात काचेचा ग्लास, त्यात गार झालेला कोरा चहा. ग्लास उचलायचे, हसायचे, कुणाकडे तरी मान हलवायचे, ओठांपर्यंत न्यायचे आणि न पिता खाली ठेवायचे. पुन्हा उचलायचे. तालीम चालली होती. मी दारातच थांबले. दोन-तीनदा जमलं. मग एकदा ग्लास ओठांशी गेला तो तिथेच राहिला. डोळे मिटले आणि त्यांनी वास घेतला. चहाचा, रामकृष्ण. नुसत्या चहाचा. पण ज्या चेहऱ्याने घेतला तो चेहरा मी रोपडनंतर बघितला नव्हता. मी मुद्दाम दुधाचं भांडं जोरात ठेवलं. ते वळून म्हणाले, "चहा गार झाला ग." मी म्हटलं, "दुसरा करते."

आता त्या जुन्या गोष्टीकडे येते. तू मला मागणी घालायला आमच्या घरी आलास तेव्हा सगळ्यांनी तुला पढवलं होतं. बाबा मिठाच्या सत्याग्रहातले, दारूबंदीवाले. तुझ्या वडिलांचं गोव्यात दारूचं दुकान. माझ्या मामाने मधला मार्ग काढला होता, "काजूचा व्यापार आहे म्हणावं. खोटं कुठे आहे? काजूच तर आहे." सुरूच्या बनात मीही तुला तेच म्हणाले आणि तू मला बाटलीवरच्या नावाचं ते वाक्य ऐकवलंस. दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर, चहाचा कप हातात घेऊन, बाबांच्या डोळ्यांत बघून तू म्हणालास, "काजूचा नाही. काजूच्या दारूचा." बाबा उठून आत गेले. तू चहा संपवलास, कप उपडा न घालता नीट बशीत ठेवलास आणि गेलास. मी मागितलं ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. आणि तू दिलं नाहीस त्याबद्दल रागही उरलेला नाही. राग असता तर या माणसाला तुझ्या होडीत पाठवायची मला एवढी भीती वाटली नसती. तू त्यांना फसवून पाजणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. भीती तुझ्या खरेपणाची आहे. ते ग्लासावर हात ठेवतील आणि तू तुझ्या त्या मोकळ्या आवाजात सगळ्यांसमोर विचारशील, "तुम्हाला चालत नाही का?" साहेब म्हणतील, "चलता है, चलता है." गोरे पाहुणे हातातले ग्लास तसेच धरून थांबतील. खारा वारा असेल, कालवं असतील, आणि त्यांच्या तालमीत ह्याला उत्तर नाही.

काल बरणीतली सोलं काढून मी कोकमाचं सरबत केलं, मीठ न घालता. खिडकीतल्या उन्हात ग्लास धरला. पलीकडचं काही दिसेना, इतकं गडद. नयना आली आणि म्हणाली, "मम्मी, ये वाईन कहां से आई?" तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात लिहिलं जातं आहे. बेदीसाहेब वाईनला शरबत म्हणून मोकळे झाले. मला उलट करून हवं आहे. पहिल्या घोटाला ह्यांना कळेल, कोकम ओळखायला आचऱ्याच्या माणसाला वेळ लागत नाही. कुणाच्या तरी लक्षात आहे, एवढं त्यांना त्या होडीत कळलं तर पुरे. कुणाच्या, ते नाही कळलं तरी चालेल. मला उत्तर पाठवू नकोस, टपाल आधी त्यांच्या हातात पडतं. तू नाही म्हणणार, हे मी पाकीट बंद करण्याआधीच जाणते. पण त्या वेळी मी तुझ्याकडे अर्धं खरं मागितलं होतं, काजूचा व्यापार. या वेळी पुरतं खोटं मागते आहे. सगळ्यांना ओतशील तेव्हा ह्यांच्या ग्लासात कोकम ओत, आणि ओतताना, बाकीच्यांना सांगतोस तसंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याला वाईन म्हण.

तुझी, एवढ्या एका कामापुरती,
शशी