माझ्या मरणाचा खुलासा

ती. मामांना,

भाच्याचा नमस्कार. हा नमस्कार वाकून केला आहे असं समजावं. खोलीत खाट, टेबल आणि मी असे तिघे एका वेळी मावत नसल्यामुळे प्रत्यक्षात मानेवरच भागवलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामीची पाठ? मामी अजून तुमचाच चष्मा लावून वाचते का? (वाचत असेल तर हे पत्र आधी तुम्ही एकट्यानेच वाचा, निदान पुढचा परिच्छेद संपेपर्यंत तरी.) सात महिन्यांपूर्वी मी कॉलेज अर्धवट सोडलं, तेव्हा तुम्ही दारात उभं राहून म्हणाला होतात, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मामा, माझ्यावर कुणी काहीही आरोप करो, ही तुमची आज्ञा मी अक्षरशः पाळली आहे. मला जी नोकरी लागली आहे तिच्यात तोंड दिसतच नाही.

तर कळवायला वाईट वाटतं, पण गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी मेलो.

घाबरू नका. मी एका कार्टून मालिकेत मेलो. सात जण एका अवकाशयानात बसून ग्रहाग्रहांवर साहसं करत फिरतात, अशी ती परदेशी मालिका आहे. ती आपल्या भाषेत आणायचं काम आमच्या स्टुडिओत चालतं आणि त्यातल्या मेकॅनिकचा आवाज मी देतो. (हे काम मला कसं मिळालं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. स्टुडिओच्या खालच्या झेरॉक्सवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण चाललं होतं, कारण त्याने माझं कॉलेज सोडल्याचं प्रमाणपत्र उलटं छापलं. भांडण रंगात आलेलं असताना वरच्या खिडकीतून एक बाई वाकून म्हणाल्या, राग छान आहे, उद्या अकरा वाजता घेऊन या. त्याच आमच्या दिग्दर्शक.) मेकॅनिक रागीट आहे, कुणाचं ऐकत नाही आणि प्रत्येक भागात एकदा तरी पाना आपटतो. म्हणजे मला अभिनय असा काही करावा लागत नाही.

आता आमची कामाची पद्धत समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. यानातले सात जण पडद्यावर खांद्याला खांदा लावून उभे असतात, पण आम्ही सात जण कधीच एकत्र येत नाही. एकेकाने त्या काचेच्या खोलीत जायचं, कानाला हेडफोन लावायचे, आपल्या माणसाचं तोंड उघडलं की बोलायचं, मिटलं की गप्प बसायचं. समोरच्याने आधी बोलून ठेवलं असेल तर ते कानात ऐकू येतं. कप्तानबाईचा आवाज जी देते ती सोमवारी येते, मी मंगळवारी. गेल्या सात महिन्यांत ती मला प्रत्यक्ष तीन वेळा दिसली, दोनदा जिन्यात आणि एकदा पाण्याच्या कूलरपाशी पाठमोरी. पण कानात मात्र ती आठवड्यातून चार तास माझ्याशी बोलते. मला ओरडते, माझी काळजी करते, दोनदा तर तिने मला लाव्हाच्या नदीतून ओढून काढलं. मामा, आता माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? (मामीला हे विचारू नका.)

त्या मंगळवारी मी गेलो तो नेहमीसारखा भांडायच्या तयारीनेच. हातात कागद पडला तेव्हा कळलं की आज मी मरणार आहे. इंजिनाच्या खोलीला आग लागते, यान वाचवायचं तर कुणीतरी आत राहून दांडा धरून ठेवायला हवा, मेकॅनिक दार आतून लावून घेतो. मी बाईंना म्हटलं, हे मला मान्य नाही. त्या म्हणाल्या, तुला कोण विचारतंय, पडद्यावर तो कधीच मेलाय, तू फक्त आवाज काढ. मी पुन्हा म्हटलं, सहा जण बाहेर रिकामे उभे आहेत, आळीपाळीने दांडा धरायला काय हरकत आहे? त्यावर बाईंनी काचेपलीकडून कागदाकडे बोट दाखवलं. मग मी मरायला सुरुवात केली. मामा, नुसतं मरणं फार अवघड नसावं, पण दुसऱ्याच्या तोंडाच्या मापात मरणं महाकठीण. पहिल्या वेळी मी इतका चिडून मेलो की बाई म्हणाल्या, हा मरतोय की धमकी देतोय? दुसऱ्या वेळी पडद्यावरचा माणूस मरून गेला आणि माझे दोन उसासे शिल्लक राहिले. अशी अकरा मरणं वाया गेली.

बाराव्या वेळी, मला सोपं जावं म्हणून, आमच्या ध्वनिमुद्रकाने (त्याला सगळे बोका म्हणतात, तो डोळे अर्धे मिटून बसतो) कप्तानबाईचं आदल्या दिवशीचं रडणं माझ्या कानात सोडलं. कागदावर तिचं वाक्य होतं, ‘तू असा जाऊ शकत नाहीस.’ पण कानात आलं ते वेगळंच. ती दाराच्या त्या बाजूने हुंदके देत म्हणाली, ‘नको ना जाऊस. आता मी भांडू कुणाशी?’ मी कागद पाहिला, उलटा करून पाहिला. हे वाक्य कुठेच नव्हतं, म्हणजे ते तिने मनाने म्हटलं होतं. आणि या मालिकेत भांडणारा माणूस एकच आहे. तो मेकॅनिक की मी, एवढाच काय तो प्रश्न उरला. माझ्या डोक्यात नुसता गलबला झाला. माझं शेवटचं वाक्य होतं, ‘जहाज सांभाळा कप्तान, निरोप घेतो.’ मामा, एवढी मुलगी एवढी रडतेय आणि आपण तिला जहाज सांभाळायला सांगायचं? खड्ड्यात गेलं जहाज! पडद्यावर तोंड उघडलं आणि मी म्हणून गेलो, ‘रडू नकोस, येतोच मी दहा मिनिटांत.’

मापात अगदी चपखल बसलं. बाई त्याच वेळी बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या आणि बोका अर्थ ऐकत नाही, तो फक्त तोंडं जुळली की नाही ते बघतो. त्याने अंगठा वर केला. मी घरी आलो.

पुढच्या भागात मेकॅनिकचा अंत्यविधी आहे हे मला कुणी सांगितलं होतं? यानातले सगळे ओळीने उभे राहतात, त्याला एका लांबट पेटीत ठेवतात आणि कप्तानबाई स्वतःच्या हाताने बटण दाबून ती पेटी अवकाशात सोडून देते. मूळ भाषेत म्हणे ते बघून मोठमोठी माणसं रडतात. आपल्या भाषेत असं झालं की एक भला माणूस दहा मिनिटांत येतो सांगून कामाला गेला आणि या लोकांनी त्याला आठव्या मिनिटाला पेटीत घालून बाहेर ढकलून दिलं. दोन्ही भाग दाखवले गेले आणि चार दिवसांत पोरांच्या अक्षरातल्या पत्रांचा ढीग स्टुडिओत येऊन पडला. एकाने विचारलं होतं, पेटीला हवेसाठी भोकं आहेत का? एकीने कप्तानबाईला शिंगं काढून पाठवली होती. एका बापाने लिहिलं होतं, मी ऑफिसला जाताना ‘येतोच’ म्हटलं की मुलगा दाराला पाठ लावून उभा राहतो, हे काय चालवलंय तुम्ही? बाईंनी मला समोर उभं केलं आणि विचारलं, ‘काय रे, तुला धड मरायला काय झालं होतं?’

बाईंनी मला झापलं त्याच मंगळवारी, तिचा वार नसताना, कप्तानबाई आली. कूलरपाशी मी पाणी पीत होतो. मागून आवाज आला, ‘मेकॅनिक तुम्हीच का?’ मी वळलो. सात महिने ज्या आवाजाशी बोललो तो समोर आल्यावर तोंडातून फक्त पाणी आलं. ती म्हणाली, ‘अरे, शहाणा समजतोस का स्वतःला? माझी सहा वर्षांची भाची घरात माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवत नाही. म्हणते, आत्याने त्याची वाट नाही पाहिली!’ (ती ‘तुम्ही’वरून ‘अरे’वर आली, ही प्रगती धरावी की अपमान, तुम्हीच सांगा.) मीही भडकलो. म्हटलं, मग तू रडलीस कशाला तशी? ते ‘भांडू कुणाशी’ कागदावर नव्हतं, ते कुणाला म्हणालीस?

तिने कूलरचा गळका नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, बाबांना. तिचे वडील गेल्या वर्षी गेले. दोघांचं रोज सकाळी पेपरच्या पानांवरून भांडण व्हायचं. ते गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, वहिनी आजारी, चहा-पाणी, फोन, सगळं हिच्याच अंगावर, त्यामुळे रडायचं राहूनच गेलं. त्या काचेच्या खोलीत दार बंद झालं, समोर कुणी नव्हतं, फक्त एक म्हातारासा मेकॅनिक मरत होता. ‘आणि टीव्हीवर बघते तर तू म्हणतोयस, येतोच,’ असं म्हणून तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायली. मामा, मी तिच्यावर रागवायला गेलो होतो, माफी मागायला की मागणी घालायला, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

ठरलं ते असं की मी तिच्या घरी जाऊन भाचीला समजावायचं. गेल्या रविवारी गेलो. तिसरा मजला, दारात चपलांची रांग, आत तिचा दादा, वहिनी, आणि टेबलाखाली ती भाची. दादाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी टेबलाजवळ वाकून मेकॅनिकच्या आवाजात म्हटलं, हे बघ, मी मेलोय, आत्याची काही चूक नाही. आतून आवाज आला, ‘मग बोलतोयस कसा?’ मी दादाकडे पाहिलं, दादाने पंख्याकडे. मी पुन्हा म्हटलं, मी खरंच मेलोय गं, देवाशप्पथ. ती बाहेर आली, माझा हात दाबून पाहिला आणि ओरडली, ‘आत्या, आला बघ! उशिरा आला, पण आला!’ मग पळत जाऊन आत्याच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्या ताटातलं जेवलीही. सगळे माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं, काम फत्ते, आता दादाशी पुढचं बोलावं.

एवढ्यात भाची तोंड पुसत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, ‘तू परत जाशील ना, तेव्हा आमच्या आजोबांना पण घेऊन ये. ते पण येतो म्हणाले होते.’

घरातल्यांनी तिला सांगितलं होतं की आजोबा बाहेरगावी गेलेत, येतील. वर्ष झालं. ती वाट पाहत होती, आणि कुणालाच तिला खरं सांगायचा धीर झाला नव्हता. वहिनी ताट उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. कप्तानबाई मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, ‘महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो भाग दुरुस्त करून पुन्हा दाखवणार आहेत. सकाळी दहाला. त्या दिवशी तू ये. तिला तूच सांग, मेकॅनिकचंही आणि बाबांचंही. दादाला जमत नाही, मला जमत नाही, आणि आता ती फक्त तुझंच ऐकेल.’ मी जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटून म्हटलं, सांगतो, त्यात काय! मूठ अजून सुजलेली आहे.

परवा मी स्टुडिओत जाऊन पुन्हा मेलो. या वेळी एकदाच, कागदावर होतं तसंच. बोक्याने डोळे पूर्ण उघडले. बाई म्हणाल्या, बरा मेलास. पण मला आनंदच झाला नाही, आणि का झाला नाही हेही कळलं नाही. या सगळ्याला आता मी कंटाळलो आहे. प्रेमबिम सगळं झूठ आहे, कार्टूनच्या मरणाने खरी माणसं रडतात आणि खऱ्या मरणाला चहा करत बसतात, हे जग माझ्या समजुतीपलीकडचं आहे. पुढच्या वर्षी मी कॉलेजात परत नाव घालावं म्हणतो. तब्येतीला जपा. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा भाचा
(तूर्त मयत)

ता. क. कॉलेजचं वर जे लिहिलं आहे ते मामीसाठी आहे. ते तेवढं वाचून दाखवा आणि पत्र घडी करून ठेवा. प्रेमाचंही तसंच, ते झूठ वगैरे काही नाही. काल तिने बोक्याबरोबर निरोप पाठवला की हाताला बर्फ लाव.

ता. क. दुसरा. मामा, पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. आई गेली तेव्हा मीही सहा वर्षांचा होतो. सगळे मला सांगत होते, आई दवाखान्यात आहे, येईल. मग तुम्ही मला गच्चीवर घेऊन गेलात, पाण्याच्या टाकीवर बसवलंत आणि काहीतरी सांगितलंत. तुमची तर ती सख्खी बहीण. काय सांगितलंत ते मला एक अक्षर आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यानंतर मी खाली येऊन जेवलो, आणि पुन्हा दारात जाऊन बसलो नाही. तुम्ही काय म्हणालात ते जसं आठवेल तसं लिहून पाठवा. शेवटच्या रविवारच्या आत. आणि लिहून जमणार नसेल, तर मी तोंड दाखवायला येऊ का?